बत्तीस पोती ‘इतर’

४ डिसेंबर
मूल गावच्या बियाणे बँकेत रुजू. गावोगावच्या बाया धानाचं बियाणं या संस्थेत ठेवतात, जूनमध्ये परत नेतात. आजवर सगळं वहीत होतं. आता डेटाबेस येणार, म्हणजे मी.

५ डिसेंबर
‘धान_वाण’ नावाचा स्वतःचा ‘डेटा टाइप’ बनवला, म्हणजे ठरलेल्या नावांची बंद यादी; बाहेरचं नाव कॉम्प्युटर घेतच नाही. आत बारा वाणांची नावं. आवक, साठा, लेबल, वाटप, चारही टेबलांत हाच टाइप. पोत्यावरच्या लेबलवर फक्त वाण. माणसाचं नावगाव नको, पसारा होतो. तेरावं नाव कोणी घालून दाखवावं!

९ डिसेंबर, सकाळी ११
बियाणं ठेवायला आलेल्या शकुबाईंनी तेरावं नाव आणलं. काळी लुचई. यादीतली साधी लुचई लिहू का, विचारलं. थे अलग, हे अलग, माह्या पाणथळ बांधीत हेच टिकते, म्हणाल्या. यादीत नाव वाढवणं एका ओळीचं काम. पण शिस्त म्हणून काही आहे. परत पाठवलं.

दुपारी ४
अध्यक्ष बापूराव चिडले. बाईले वापस काऊन धाडलं गा, म्हणाले. मोठ्या मनाने तेरावं नाव घातलं: ‘इतर’. शकुबाईंचं पोतं त्यात घेतलं. आता कोणाचंच अडणार नाही. असं मलाच सुचू शकतं.

२० जानेवारी
लेबलं चिकटवणारी दिव्यानी म्हणते, ‘इतर’ बहुत होऊन राह्यले, बाजूला खरं नाव लिहायले जागा द्या. नाही दिली. मोकळी जागा दिसली की लोक मनाला येईल ते लिहितात.

२ जून
बत्तीस पोती ‘इतर’. सगळी सारखीच शिवलेली. उद्या वाटप. काळजीचं कारण नाही.

३ जून
शकुबाईंचं पोतं कोणतं, कॉम्प्युटर सांगेना. रागाने ‘इतर’ काढून टाकायला बसलो. टाइपमध्ये नाव घालता येतं, काढता येत नाही! टाइपच मोडावा तर चारही टेबलं त्यावर उभी. आणि मोडून भरू काय? खरी नावं कुठेच नाहीत. शकुबाई ओरडल्या नाहीत. मायनं देल्लं बियानं होतं, एवढंच म्हणाल्या. जेवण गेलं नाही. पण पोत्यात चिठ्ठी टाकायचं त्यांनाही सुचू नये?

४ जून
शकुबाईंनी एकेक पोतं उसवलं. दाणे तळहातावर घेतले, दाताखाली फोडले. दुपारपर्यंत ‘इतर’मधून अकरा वाण निघाले. त्यांचं स्वतःचं एकोणतिसाव्या पोत्यात सापडलं. मला रडूच आलं, धूळ फार होती. आता प्रत्येक वाणाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायचं ठरलं. चिंध्या फाडायचं काम मला. सगळ्या नऊ इंचांच्या असाव्यात, असं सुचवलं. बापूराव म्हणाले, फाड गा गुपचूप.