पेंटर खोडून आर्टिस्ट

३ ऑगस्ट
कला महाविद्यालयातल्या प्रवेशाचा खरा खर्च मांडून ठेवतो. फी सरकारी, म्हणजे एनॅमल रंगाच्या दोन डब्यांएवढी. बाकी: शाळेचा जुना दाखला काढायला चार फेऱ्या. दुकानाच्या चाव्या, मुलीच्या ताब्यात. मिशा, काळ्या करून घेतल्या. हिच्याशी आठ दिवस अबोला. एकूण स्वस्तात पडलं.

कारणही लिहून ठेवतो. मागच्या महिन्यात बँकेची पाटी रंगवत होतो. माझे कान तिखट. आत मॅनेजर कुणाला तरी सांगत होता, जरा थांबा, तो पेंटर शिडीवरून उतरू दे. तीस वर्षं या धंद्यात, अर्ध्या बाजाराच्या पाट्या माझ्या, आणि मी कोण, तर 'तो पेंटर'. एक वर्षाचा डिप्लोमा घ्यायचा आणि दुकानाच्या पाटीवरचं 'पेंटर' खोडून 'आर्टिस्ट' लिहायचं. वयाची सवलत एकदाच मिळते. नापास झालो तर पुन्हा दार उघडणार नाही. पण तो प्रश्नच येत नाही.

४ ऑगस्ट
पहिला दिवस. व्हरांड्यात उंचावर काळा लाकडी फलक, त्यावर दरवर्षी पहिल्या आलेल्याचं नाव. अक्षरं बरी, वेलांट्या लुळ्या. सगळ्यात खाली एक ओळ रिकामी. खालूनच नजरेनं मोजली. माझं नाव आडनावासकट बसतं. माझी नजर चुकत नाही. शिपाईमामांना सांगून टाकलं, पुढच्या वर्षी इथे मी. मामा म्हणाले, आधी बसायला स्टूल मिळतंय का बघा.
स्टूल मिळालं नाही.

२१ ऑगस्ट
वर्गात एक किटली आणि दोन ठोकळे मांडलेत. गेले तेरा दिवस तीच किटली. दांडा तुटलाय. सर म्हणाले, आहे असं समजून काढा. एवढं सांगून सर मीटिंगला गेले ते आज आले.

शेजारी एक चष्मेवाली मुलगी बसते, दोन्ही कोपरांना कायम शाई. विचारत होती, काका, पट्टीशिवाय एवढी सरळ रेघ कशी येते हो? सांगितलं: श्वास रोखायचा आणि ब्रशकडे बघायचंच नाही, रेघ जिथे संपायची तिथे बघायचं. तिची सहाव्या प्रयत्नात आली. शिकवण्याची हातोटी आहे माझ्यात. इथल्या पगारी लोकांत नाही.

९ सप्टेंबर
सरांनी माझं चित्र पाहिलं. म्हणाले, रेघ फार सरळ आहे, तिच्यात शंका हवी.
तीस वर्षं ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे देतंय, तीच चूक निघाली. असो. उद्यापासून रोज अर्धा तास शंकेचा सराव.

१० सप्टेंबर
दुकानात गिऱ्हाईक फार. सराव उद्या.

१४ सप्टेंबर
सराव केला. शंका येत नाही. चष्मेवालीला मात्र आली. तिची रेघ सरळही आणि जरा थरथरतीही. सर 'वा' म्हणाले.

६ ऑक्टोबर
डिझाइन कॉम्प्युटरवर शिकवणार होते. लॅबला कुलूप. किल्ली क्लार्ककडे, क्लार्क रजेवर, रजा कधी संपते ते रजेच्या अर्जात, आणि अर्ज लॅबमध्ये. मामांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मीही मान डोलावली.
घरी मुलीनं विचारलं, बाबा, आज काय शिकलात? म्हटलं, पाया पक्का चाललाय. ही आतून म्हणाली, दोन महिने पायाच खणताय, पाणी लागलं असेल एव्हाना.

११ डिसेंबर
किटलीचं चित्र परत मिळालं. कोपऱ्यात सरांनी लाल गोल केलाय. सवयीनं उजवीकडे खाली दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर पडला होता. आमच्या धंद्यात सगळेच टाकतात, त्याशिवाय पाटी पुरी झाली असं हाताला वाटतच नाही. पोरं फार हसली. चष्मेवाली हसली नाही. म्हणाली, काका, परीक्षेत तेवढं सांभाळा. पेपरवर ओळख दिसली की रद्द करतात.
मी काय खुळा आहे? तरी लिहून ठेवतो: परीक्षेत नाव-नंबर टाकायचा नाही.

१७ मार्च
परीक्षेत किटलीच. झोपेत काढीन. दोन तास झाले तेव्हा मागे दोन पर्यवेक्षक कुजबुजले. एक म्हणाला, या काकांचा हात बघ, हात आहे का मशीन. मान ताठ झाली. त्यानंतर असा रंगलो की पेपर पुरा कधी झाला तेच कळलं नाही. वर्गात सगळ्यात आधी दिला. हाताला पाठ असलेलं एकही काम राहिलं नाही, कोपऱ्यापर्यंत पेपर नेटका. पहिला नंबर कुठे जात नाही.

२ एप्रिल
दुकानाच्या पाटीवरचं 'पेंटर' खोडलं. 'आर्टिस्ट' निकालानंतर. तोवर नावापुढे पांढरा पट्टा. मुलगी म्हणते, बाबा, लोकांना वाटतंय दुकान विकायला काढलंय.

५ जून
निकाल. माझ्या नंबरापुढे: रद्द.
ऑफिसात तावातावानं गेलो. क्लार्क रजेवरून आलेत. त्यांनी पेपर समोर धरला. खाली उजवीकडे दुकानाचं नाव आणि दहा आकडे. झकास बसलेत. अंतरात केसाचाही फरक नाही.
घरी सांगितलं. हिनं चहा ठेवला. चहात साखर जरा जास्त होती.

१२ जून
सरांचा फोन. वाटलं, चूक दुरुस्त केली. म्हणाले, तुमचा नंबर पेपरवर होता म्हणून बरं झालं. फलकाचा जुना पेंटर आता शिडी चढत नाही, यंदाचं नाव तुम्ही लिहाल का?
नाही म्हणणार होतो. 'हो' म्हणून झालं होतं.

१९ जून
मामांनी शिडी धरली. दोरी मारून ओळ आखली. चष्मेवाली खाली उभी होती. काका, वेलांटी तुमच्यासारखीच हवी हं, म्हणाली. तशीच काढली. मधेच व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, थांबा, पेंटर उतरू दे. मी वळलो नाही, श्वास रोखलेला होता. कोपऱ्यात काही टाकलं नाही, मामा खालून दोनदा तेच बजावत होते.

तिचं नाव आडनावासकट नीट बसलं. उतरण्याआधी त्याच ओळीवर माझं नाव मोजून पाहिलं, बोटांनी. बसत नाही. आडनावाची शेवटची दोन अक्षरं फलकाबाहेर जातात.