मूठ कोणी शिवली

मी, ऑगस्ट डिट्मर, वय सदुसष्ट, काचकारखान्यातला निवृत्त कारागीर, राहणार हार्लन्स फेरी, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत.

१. घर, मागची सफरचंदाची झाडे आणि बँकेतली शिल्लक पत्नी थेक्लाला. तिच्याशी कोणी वाद घालू नये. मी त्रेचाळीस वर्षांत एकदाही जिंकलो नाही.

२. काच फुंकायची नळी जावई रॉयला. त्याला ती वापरता येणार नाही, निदान भिंतीवर सरळ टांगावी.

३. माझे पुढचे तीन दात १९०७ साली नदीपलीकडच्या फुटबॉल संघाने नेले. ते त्यांच्याकडेच राहू द्यावेत. सात हंगाम खेळलो, तेवढे सुख पुन्हा मिळाले नाही.

४. टेबलाच्या खणातली कातडी मूठ थेक्लाला. ओवेन प्रॉसरला द्यायची होती, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे.

आमच्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पलीकडची रेषा ओलांडायची असते. तेव्हा चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या पँटला बॅगेची मूठ शिवत आणि सोबती तिला धरून त्याला गर्दीतून ओढून नेत. मला ओवेन ओढायचा. १९०४, माझा पहिला हंगाम, थँक्सगिव्हिंगचा सामना. रेषा हातभर राहिली असताना मूठ उपटून आली. ओवेन मूठ घेऊन पलीकडे गेला, मी चेंडू घेऊन अलीकडे राहिलो. आम्ही हरलो.

ओवेन सगळ्यांदेखत मला म्हणाला, "गस, बायकोला म्हणावं, बटणंच लावत जा." थेक्ला तेव्हा गावाचे कपडे शिवायची; पुढे दोन वर्षे एकाही नवरीने तिच्याकडे लग्नाचा झगा शिवायला टाकला नाही. अजूनही संघाच्या जेवणात कोणाचे काही उसवले की तिचे नाव निघते.

खरे असे की तिची शिवण पक्की होती. मूठ कमरेला टोचत होती, म्हणून सामन्याआधी मी ती उसवून स्वतः शिवली. नंतर भ्यालो आणि गप्प बसलो. याची मला लाज वाटते. माझ्या पश्चात हे कलम संघाच्या जेवणात मोठ्याने वाचावे. गोड वाढण्याआधी, म्हणजे कोणी उठून जाणार नाही.

(सही) ऑगस्ट डिट्मर

साक्षीदार:
१. कोरा बेल, वकिलांच्या कारकून

२. ओवेन प्रॉसर. साक्षीदाराने वाचायची गरज नसते असे मिस बेल म्हणाल्या. मी वाचले. गस, तू मरेपर्यंत कोण थांबतो? आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन, टोपी काढून थेक्लाची माफी मागून आलो. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं. मुठीला बुटाचा दोरा होता." मग बोलली का नाहीस, विचारले. म्हणाली, "गाव मला हसलं तर चाललं. पहिल्याच वर्षी त्याला हसलं असतं, तर तो परत मैदानात उतरला नसता."

हार्लन्स फेरी, ११ नोव्हेंबर १९४७