दोन वर्षांचा बंदोबस्त

सोलापूर, ७ ऑक्टोबर १९३४, रविवार
मिलला सुट्टी. आजपासून रोज लिहायचं. चार बुकं शिकलो ती वाया जायला नकोत.
मुद्दा एकच. चैत्रात गावाकडं मथुरा बाळंत झाली तेव्हा फार अडली होती. पोरगी जगली, मथुराही जगली. पण नर्सबाईनं मला दारात गाठून सांगितलं, दोन वर्षं बायकोला दिवस जाता कामा नयेत, गेले तर बाई हातची जाईल. मी व्हय म्हणालो. आता दिवाळीला घरी जायचंय. शब्द दिलाय म्हणजे पाळणार. पक्का बंदोबस्त करणार.

९ ऑक्टोबर
ठरलं. घरी गेल्यावर लांब झोपायचं. सोपं आहे. निश्चय पाहिजे, तो माझ्याकडं आहे.

१० ऑक्टोबर
नुसत्या निश्चयावर राहणं बरं नाही. दुसरं काहीतरी बघतो.

१४ ऑक्टोबर, रविवार
भवानी पेठेतल्या औषधाच्या दुकानात गेलो. दोनदा आत शिरलो, दोनदा खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. मग कंपाउंडर मुकुंदराव स्वतःच म्हणाले, खोकला तर दिसत नाही तुला, खरं काय पाहिजे ते सांग. कान गरम झाले. त्यांनी कपाटामागून रबराची पिशवी काढून दिली. जर्मन माल. पुरुषानं चढवायची. म्हणाले, ह्यानं बाईला दिवस राहत नाहीत, आणि पुरुषाला परम्याचा गुप्तरोग लागत नाही. वापरली की धुवायची, सावलीत वाळवायची, पावडर लावून ठेवायची. आणखी काही सांगत होते, पण एक बाई दुकानात आली म्हणून मी निघालो.
परम्याचं मला सांगायचं कारण नव्हतं. ते संगप्पाला सांगायला पाहिजे.

१५ ऑक्टोबर
संगप्पा म्हणजे माझ्या खोलीतला. अक्कलकोटकडचा, मागावर आहे. पगार झाला की त्याचे पाय भलत्या गल्लीकडं वळतात. ह्या महिन्याच्या पगाराला मीही गेलो होतो, पण तो त्याला सोबत म्हणून. सोबतीनं जाणं वेगळं.

१९ ऑक्टोबर
लघवीला आग होते. उन्हाळी लागली असणार. मिलच्या खात्यात उष्णता फार. सब्जा भिजवून प्यालो. संगप्पा म्हणाला, काय गड्या, उन्हाळी दिवाळीच्या तोंडाला येती व्हय? दवाखान्यात दाखीव की. अडाणी माणूस. आणखी सब्जा भिजत घातला.

२१ ऑक्टोबर, रविवार
रबराला पावडर लावायचं रद्द केलं. पावडर हा बायकांचा नाद. मी मिलमध्ये तेलवाला आहे, सगळं आयुष्य सूत कातायच्या चात्यांना तेल घालण्यात चाललंय. चीज टिकवायची तर तेल, हे मुकुंदरावांनी मला शिकवू नये. तंबाखूची डबी धुतली, मिलमधलं तेल भरलं, रबर बुडवून ठेवलं. आता दोन वर्षं काळजी नाही.

२८ ऑक्टोबर
डबी उघडून बघितली. माल मऊ पडलाय, फुगलाय. सुधारतोय.
उन्हाळी तशीच. धण्याचं पाणी चालू. धोतराला डाग पडतात. पित्त असेल. कंटाळा आला.

५ नोव्हेंबर
कुर्डुवाडीपर्यंत गाडी, टेंभुर्णीपर्यंत मोटार, पुढं पायी. डबी कमरेला. पोरगी मला बघून रडली. मथुरा अजून वाळलेली दिसते. बंदोबस्त केला ते बरंच केलं.

६ नोव्हेंबर
दुपारी आई देवळात गेली तेव्हा मथुराला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, आणा हिकडं, बघू द्या. मी म्हणालो, नाजूक चीज आहे. ती म्हणाली, जीव माझा जायाचा हाय, मी बघती. कुंभाराकडनं आणलेली घागर तपासतात तसं तिनं रबरात तांब्यानं पाणी ओतलं. सगळीकडनं गळालं. मग चिमटीत धरलेला तुकडाच तिच्या हातात राहिला. आवं, ह्याच्या भरवशावर मला ठिवणार हुता व्हय, म्हणाली. मी म्हणालो, जर्मन मालाला प्रवास सोसला नसेल. तिनं हात हुंगला. म्हणाली, जर्मनीत बी तुमच्याच मिलचं तेल वापरत्यात जणू.
एवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, सकाळी धोतर मी धुतलंय, डाग कसले ते? मी म्हणालो, उन्हाळी. ती म्हणाली, नर्सबाईनं मला बी सांगितलंय, नवरा मिलमधनं आला की काय काय बघायचं ते. आधी डाक्टरला दाखवून या. तवर अंथरूण अंगणात.

७ नोव्हेंबर
अंगणात झोपलो. हवा उत्तम. आईनं विचारलं, असा बाहेर का रं? मथुराच मधी बोलली, त्यास्नी मिलच्या उकाड्यानं बेजार केलंय, आत गुदमरतंय. हुशार आहे. निश्चय पाळायला मला काही जड गेलं नाही.

११ नोव्हेंबर, रविवार
सोलापूर. आग कमी वाटते. दवाखान्याची गरज नाही. पण मथुराच्या समाधानासाठी उद्या जाईन.

१२ नोव्हेंबर
उद्या.

१७ नोव्हेंबर
रात्रपाळी, अंग आंबलं. उभं राहवत नाही. हवा बदलली आहे त्यानं.

१९ नोव्हेंबर
संगप्पानं दंडाला धरून दवाखान्यात नेलं. वाटेत त्याला गावाकडचं सगळं सांगावं लागलं.
परमा आहे. रोज यायचं, नळीनं जांभळं औषध आत सोडतात. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी विचारलं, हे अंगावर घेऊन बायकोजवळ गेला होतास काय? नाही म्हणालो. म्हणाले, शाबास. आधीच अशक्त बाई, तिला हे लागलं असतं तर उठली नसती. तुमच्यातल्या एकाला तरी अक्कल आहे.
संगप्पा बाकावर शेजारीच बसला होता. तो हसू दाबत भिंतीकडं वळला.
मी मान डोलावली.