दोन नंबरच्या खिडकीतला कांदा

नाशिक, मे १९८३

ती. धोंडीरामदादा यांस,

धाकट्या बहिणीचा, सुलाचा, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. खुशाल म्हणायला अजून धीर होत नाही. दादा, तुम्ही पाठवलेल्या कांद्याच्या गोण्यांनी सोमवारी माझं काळीजच बंद पडायचं राहिलं!

वाल्मीकभाऊजींचं (माझ्या दिरांचं) तुम्हाला ठाऊकच आहे. यंदाही उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या राहिल्या, तर आमचा हा लॉज मोडून दारूची परमिट रूम काढायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पूर्वी नाशकात पंखासुद्धा कोणी मागत नसे. आता गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, कूलर आहे का? कूलरला वीज लागते आणि वीज ऐन दुपारी जाते. म्हणून तुमच्या मेहुण्यांनी बिनविजेची युक्ती काढली. गच्चीवरच्या टाकीतून भोकं पाडलेली नळी प्रत्येक खिडकीवर आणायची आणि खाली गोणपाट टांगायचं. पाणी ठिबकतं, गोणपाट भिजतं, बाहेरची झळ त्यातून गार होऊन आत येते. वाळ्याचे पडदे परवडेनात, तेव्हा मीच म्हटलं, देवळ्याला दादांकडे गोण्यांचा ढीग पडलाय. (ही बुद्धी माझी. यांनी ती लगेच स्वतःची करून घेतली.) कोरड्या होत्या तोवर त्या गोण्यांना कसलाही वास नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

सोमवारी अकोल्याची मंडळी उतरली. नवसाबाई म्हणून म्हाताऱ्या बाई, मुलगा, सुना, नातवंडं. बाईंचे यजमान वारले, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला विधी. विधी होईपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य. मी छाती ठोकून सांगितलं, आमच्याकडे कांद्याचं सालसुद्धा सापडणार नाही. (तानुबाई स्वयंपाकीण उरलेसुरले कांदे आदल्याच दिवशी घरी घेऊन गेली होती.) दुपारी यांनी गच्चीवरचा नळ सोडला. खोल्या अशा गार झाल्या की हे व्हरांड्यात पाहुण्यांसारखे फिरायला लागले. आणि मग तो वास सुटला. दादा, तुमची कांदे साठवायची अख्खी चाळ माझ्या लॉजमध्ये येऊन फुटली म्हणा ना!

नवसाबाई थेट स्वयंपाकघरात. "बाई, कांदे कोन चिरून राह्यलं?" तानुबाई म्हणाली, "इथं नाय बा कोणी. पाहिजे तर हात हुंगा माझे." बाईंनी खरोखर हुंगले! मग एकेक झाकण उघडून पाहिलं. तिकडे मुलानं वळकट्या बांधायला घेतल्या. आणि तेवढ्यात दारात वाल्मीकभाऊजी, हातात मोजपट्टी घेऊन. "वहिनी, निघाली वाटतं मंडळी?"

बाई वास काढत दोन नंबरच्या खोलीत खिडकीपाशी गेल्या, मी मागोमाग. गोणीच्या कोपऱ्यात तुमच्याकडचा एक बारकासा चिंगळी कांदा अडकून राहिलेला, आणि गोण्या टांगल्यापासून खिडकीतल्या उजेडात त्याला बोटभर हिरवागार कोंब! मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा बाई तिथेच खाटेवर टेकलेल्या, कोंबाला हळूच बोट लावत होत्या. "आमच्या यायले कांद्याबिगर घास उतरे नाही," यजमानांबद्दल म्हणाल्या. "विधी उद्या हाय, अन् हे आजच येऊन बसले." मग मुलावर ओरडल्या, "सोड रे थे वळकटी! खाल्ला तं बाधते, हुंगल्यानं काय होते?" आणि त्या गार वाऱ्याकडे तोंड करून आडव्या झाल्या. सून म्हणाली, सासरे गेल्यापासून त्यांना दुपारी डोळा लागलेला पाहिला नव्हता.

मी दारातच उभी राहिले. लग्न झाल्यापासून यांच्या विडीच्या वासाला मी नावं ठेवते. त्या संध्याकाळी काही बोलले नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमच्यावर अजून रागावलेली,
सुला

ता. क. : भाऊजी चार नंबरची खोली मोजायला गेले आणि खिडकीखाली जरा टेकले, ते दिवेलागणीला उठले. परमिट रूमचं नाव नाही. स्वतःच्या घरासाठी तीन गोण्या मात्र मागितल्या आहेत.

ता. क. : तेव्हा आणखी वीस गोण्या पाठवा, पण बाजरीच्या, आणि वहिनींकडून धुऊन. कांद्याची एकच गोणी मी ठेवली आहे. नवसाबाई वर्षश्राद्धाला येणार आहेत आणि त्यांना तीच खिडकी हवी आहे.

ता. क. : कोंब मी खुडू दिला नाही. हे त्याला रोज पाणी घालतात आणि नव्या गिऱ्हाइकाला सांगतात, वाळ्याची दुर्मीळ जात आहे. तुम्ही आलात तर कृपा करून कांदा ओळखू नका.