तिन्ही आवाज एकाच घरातले

३ मार्च, मंगळवार
मुलीचा फोन. बाबा, टीव्ही एवढा मोठा लावता की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला मेसेज केला, म्हणाली. पाठोपाठ कानाच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. पुसून टाकला.

कान म्हणे. एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. चालू मोटारीजवळ नुसता उभा राहून कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचो. दोष माझ्यात नाही, सिस्टिममध्ये आहे. हॉलमध्ये डावा-उजवा असे दोनच उंच स्पीकर. सिनेमातले संवाद मधून येतात, त्याला टीव्हीखाली तिसरा सेंटर स्पीकर लागतो. तो आम्ही घेतलाच नाही. आमची ही होती तोवर कधी अडलं नाही. ही गेल्याला दहा महिने झाले आणि नेमके तेव्हापासूनच संवाद पुसट झाले. स्पीकरला बारा वर्षं झाली की असं होत असावं.

निश्चय: शनिवारपर्यंत सेंटर स्पीकर घरात.

४ मार्च, बुधवार
मुलीशी करार झाला. २२ तारखेच्या रविवारी ती येणार. सिनेमा ती निवडणार. संपल्यावर तीन प्रश्न विचारणार. तिन्ही बरोबर आले तर कानाचा विषय कायमचा बंद. एक जरी चुकला तर मुकाट्याने तपासणीला जायचं. मी लगेच हो म्हटलं. परीक्षेला मी कधी घाबरलेलो नाही.

७ मार्च, शनिवार. दुपारी ४
साउंडवाल्याच्या दुकानात दोन तास. त्याचं म्हणणं पटलं. काका, तिन्ही आवाज एकाच घरातले हवेत, म्हणाला. नाहीतर नट डावीकडून उजवीकडे चालत गेला की मध्येच त्याचा गळा बदलतो. म्हणजे समोरच्या दोघांच्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला हवा. ती मालिका बंद होऊन आठ वर्षं झाली.

तरी त्याच्याकडचे दोन ऐकले. मी तक्ता नेला होता. स्पष्टता, गोडवा, भारदस्तपणा, प्रत्येकी दहा गुण. पहिल्याला स्पष्टतेत सात. दुसऱ्याला साडेचार, अगदी बादलीतून बोलल्यासारखा. तसं सांगितलं. तो म्हणाला, काका, दुसऱ्याची वायर अजून लावायची आहे, तुम्ही दोन्ही वेळा पहिलाच ऐकलात.

दुकानात पंखा फार जोरात होता.

८ मार्च, रविवार
शनिवार हुकला. हरकत नाही. घाईने घेतलेली वस्तू दोनदा घ्यावी लागते.

१२ मार्च, गुरुवार
सापडला! त्याच मालिकेतला, त्याच अक्रोडी रंगाचा. जुन्या वस्तूंच्या साइटवर. मालक दाताचे डॉक्टर. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये लावला होता, पण पेशंटना आवाजाने जास्तच भीती वाटायची म्हणून काढतायत. शनिवारी जाणार.

१४ मार्च, शनिवार
आणला. रिक्षात मांडीवर घेऊन. डॉक्टर सज्जन, पण फार पुटपुटतात. निघताना दारात काहीतरी बराच वेळ सांगत होते. मी हो हो, जरूर म्हटलं. हल्ली माणसं तोंड उघडून बोलतच नाहीत. दाताच्या डॉक्टरांनी तरी उघडावं.

१५ मार्च, रविवार. सकाळी ११
स्वतः जोडला. पाठीमागे लाल वायर, काळी वायर, संपलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या मेनूत शिरायची गरज वाटली नाही. मेनूची कामं हिच्याकडे असायची. चष्मा नाकाच्या टोकावर आणून एकेक पान वाचायची. मला त्याशिवाय जमतं.

दुपारी १२
फरक जमीन-अस्मानाचा! आवाज बरोबर टीव्हीच्या मधोमधून. गळा कुठेही बदलत नाही. तिघं सख्खी भावंडं वाटतात. तक्त्यात स्पष्टता साडेनऊ. अर्धा गुण राखून ठेवला, डोक्यात हवा जाऊ नये म्हणून.

साउंडवाल्याला फोन करून कळवलं. तो काहीतरी सेटिंगचं विचारत होता. म्हटलं, बाबा रे, कानाला कळतं.

१८ मार्च, बुधवार
दाताच्या दवाखान्यातून फोन. काका, तुमची साडेदहाची वेळ होती, आला नाहीत. दात साफ करायला शनिवारी तुम्हीच हो म्हणालात ना? गेलो. साफ करून आलो. दात उत्तम आहेत, असं बहुतेक म्हणाले.

सराव म्हणून दुपारी एक सिनेमा पाहिला. नवरा-बायकोचं कशावरून तरी वाजलं होतं. कशावरून ते दिग्दर्शकाने मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलंय. हल्लीची पद्धत आहे ही.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
जिंकलो!! तीनपैकी तीन.

मुलगी साडेतीनला आली. सोफ्यावर माझ्या डाव्या हाताला बसली, हिच्या जागेवर. सिनेमा दोन भावांचा, दीपगृहावर राहणाऱ्या. एकूण एक शब्द कळला. हिची एक सवय मुलीने उचललीय, बघता बघता शेजारच्याशी बोलायची. बघा बाबा, आता म्हणतो चावी माझ्याकडे नव्हतीच, खोटारडा मेला. थोड्या वेळाने, अहो, ही बाई सांगतेय पत्र धाकट्यानेच जाळलं, मला वाटलंच होतं. ही पण अशीच. वीस-बावीस वर्षं मी सांगत आलो, जरा गप्प बस, ऐकू दे. आज मात्र मुलीला काही म्हटलं नाही. परीक्षकाला दुखवू नये.

प्रश्न एक, चावी कोणाकडे होती. दोन, पत्र कोणी जाळलं. तीन, थोरला शेवटी बोटीत का चढला नाही. तिन्ही खटाखट. मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबा, मी हरले, स्पीकरला मानलं, म्हणाली. तिने स्पीकरच्या डोक्यावरून हात फिरवला. मी मोठ्या मनाने तिला चहा करून दिला.

कानाचा विषय कायमचा बंद.

२३ मार्च, सोमवार
विजयाच्या आनंदात तोच सिनेमा एकट्याने पुन्हा लावला. काही कळेना. चावीच्या जागी नुसतं गुणगुण. स्पीकर जरा खाली बघतोय असं वाटलं. पुढून त्याच्याखाली दोन पुस्तकं सरकवली.

२४ मार्च, मंगळवार
चार पुस्तकं. पडदे काढले. सोफा एक फूट पुढे. संवाद अजून रविवारसारखे नाहीत. रविवारी हवा कोरडी होती.

२५ मार्च, बुधवार
साउंडवाल्याला बोलावलं. आला, गुडघ्यावर बसला, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. रिमोट मागून मेनू उघडला. आत लिहिलेलं होतं, सेंटर स्पीकर: नाही. बारा वर्षांपूर्वी हिने भरलेली माहिती. तेव्हा ती खरीच होती.

काका, तो म्हणाला, हा आल्यापासून मुका आहे. एक शब्द बोललेला नाही.

त्याने ‘आहे’ केलं. संवाद मोठा केला. आता कसं, अगदी काचेसारखं ना, म्हणाला. मी म्हटलं, वा. काय म्हणतोय तो नट, त्याने सहज विचारलं. मी म्हटलं, आवाज भारदस्त आहे. त्याने पुन्हा विचारलं नाही. चांगला माणूस आहे. पुस्तकं काढून टेबलावर नीट रचून गेला.

२६ मार्च, गुरुवार
कारखान्यातली पद्धत: माल कधी पास झाला आणि कधी नापास, दोन रकाने करायचे, मग फरक शोधायचा. केले. स्पीकर दोन्ही रकान्यांत मुका. सोफा तोच. हवा काढून टाकली, हवेचा पुरावा नाही.

पास: ही असताना, सगळी वर्षं. पास: २२ मार्च, मुलगी डावीकडे. नापास: बाकी सगळं.

आणि मी हिलाच गप्प बस म्हणत होतो.

२७ मार्च, शुक्रवार
करार मोडलाय हे कळवणं भाग होतं. मुलीला फोन केला, मुका स्पीकर, रकाने, सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो बाबा, मला वाटायचं आपल्या घरात सिनेमा असाच बघतात. लग्नानंतर मी तिकडे थिएटरमध्ये बोलायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, अगं, मला ऐकू येतं.

तपासणी मंगळवारी. ती रजा काढून येणार. एकटा जातो म्हटलं. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला कोण सांगणार, म्हणाली.

३१ मार्च, मंगळवार
काचेच्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. डोळे मिटले. फार सूक्ष्म आवाज येत होते, इतर कोणाला कळलेही नसते. पहिल्या दोन मिनिटांत अकरा वेळा दाबलं.

बाईंनी दार उघडलं. काका, थांबा जरा, अजून मशीन सुरू केलेलं नाही.

काचेपलीकडे मुलगी खुर्चीतून घसरायची बाकी होती. दहा महिन्यांत तिला अशी हसताना पाहिली नव्हती.

मग मशीन सुरू झालं. यावेळी खरोखर आला तेव्हाच दाबायचं ठरवलं. वीस मिनिटांत चार वेळा दाबलं.