आईंच्या हातांचा व्हिडिओ

आंधळगाव,
८ ऑक्टोबर २०२४

सौ. कीर्तीताईंना स्वातीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

घरात दोन मोबाइल असताना वहिनी चिठ्ठी काय लिहिते, असं म्हणाल. पण फोनवर बोलावं तर आई शेजारच्या खोलीत, आणि मनगट मोडलं तरी कान शाबूत आहेत. तुमच्या भावाकडे तोंडी निरोप द्यावा, तर कोशाचं रेशमी कापड घेऊन भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत ते अर्धा विसरतात आणि उरलेला मनाने रचतात. म्हणून हे पत्र.

आईंचं प्लास्टर निघालं, पण हात पूर्वीसारखा वळत नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपून असतात. पडल्यापासून मागाच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. अर्धी विणलेली साडी कापून काढा आणि माग देऊन टाका, असं त्यांनी बाबांना सांगितलं. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की मागाचं गिऱ्हाईक येणार आहे. ताई, मला हे बघवत नाही.

साधं विणणं मला येतं. येत नाही तो करवतकाठीचा जोड, काठाचे ते करवतीसारखे दात. शिकवा म्हटलं, तर म्हणाल्या की आता कायले शिकून राहिली, बजारात मशीनचं सारं भेटते. म्हणून मी तुम्ही उन्हाळ्यात काढलेला त्यांच्या हातांचा व्हिडिओ घेऊन बसले. आपला म्हातारा कॉम्प्युटर मागाशेजारीच आहे, धूळ बसू नये म्हणून मी त्याच्या डब्याला झालरीचं कव्हरही शिवलंय. पण आडव्या धाग्याचा धोटा काठाजवळ आला की चित्र थिजतं, आणि पुन्हा हलतं तेव्हा दात तयार! तुम्ही दिलेली लहान प्रत सुरळीत चालते, पण तिच्यात धागाच ओळखू येत नाही. मोबाइलचा पडदा तळहाताएवढा.

साडी मी पूर्ण करणारच. सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय, तुम्ही चित्र तेवढं चालतं करा.

लोभ आहेच, तो पेनड्राइव्हसोबत माघारी येऊ नये.
तुमची,
स्वाती


भंडारा,
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय स्वातीवहिनीस,
सा. न. वि. वि.

रोज क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नणंदेला तू आज पहिल्यांदा कामाचं पत्र लिहिलंस, म्हणून आधीच्या साऱ्या पत्रांतली लोणच्याची चौकशी माफ.

दोष चित्राचाही आहे आणि तुझाही. नवे मोबाइल व्हिडिओची फार घट्ट घडी घालून ठेवतात. जुन्या कॉम्प्युटरला ती उलगडायला वेळ लागतो, तोवर चित्र अडतं आणि आवाज पुढे निघून जातो. मी तीच फिल्म तितकीच स्वच्छ ठेवून सैल घडीत नव्याने करून दिली आहे. पेनड्राइव्हवरून लावू नकोस, आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घे. सोबतचा हलका प्लेअर टाक आणि बाकी सगळं बंद ठेव.

आता तुझा दोष. मागाच्या खोलीत कोशाचा तंतू उडतो, आणि तू त्या बिचाऱ्या डब्याला झालर नेसवून बसवलंस! त्याचा श्वास कोंडलाय. तापला की तो मुद्दाम हळू चालतो. वायर काढ, बाजूची पत्र्याची झडप उघड आणि पंख्यातलं सगळं मऊ कोरड्या ब्रशने काढ. पंखा बोटाने धरून ठेव, गरगर फिरू देऊ नकोस. आणि कव्हर दादाला घाल.

आईबद्दल वाचून रडू आलं. तिनं माग सोडला तर ती उठायचीच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू कर, मी आहे.

बाबांना नमस्कार, आणि आईला यातलं काहीही न सांगता एक पापा.
तुझीच,
कीर्ती


आंधळगाव,
१७ ऑक्टोबर २०२४

सौ. कीर्तीताईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

डब्यातून जे निघालं त्यात एक लहान उशी भरली असती. कव्हर जप्त केलंय.

आणि ताई, चित्र चालतं! एकदाही अडलं नाही. आईंची बोटं, बांगडीचा ओरखडा, दोन धागे एकमेकांत अडकतात ती जागा, सगळं लख्ख दिसलं. आईंना कळू नये म्हणून मी हेडफोन लावून बघत होते. तीनदा पाहून विणायला बसले, तरी दात वाकडेच येत होते. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा वाकडे. मला स्वतःचाच राग आला. धोटा घ्यायला झुकले तर हेडफोनची वायर ओढून निघाली, आणि व्हिडिओतल्या आईंच्या मागाचा खटका घरभर वाजायला लागला.

मागे वळून पाहते तर दारात आई. भिंत धरून आल्या होत्या. म्हणाल्या, हा हात तुहा नोहे, कोण विणून राहिलं? मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्या स्वतःचे हात बघत उभ्याच राहिल्या. मला वाटलं रडतील. त्या माझ्या वाकड्या दातांकडे वळल्या आणि जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मागाच्या काठावर बसून बोलल्या!

पुढचं त्यांनाच सांगायचं आहे. सोबतचा कागद त्यांचा, अक्षर माझं.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
स्वाती


चि. सौ. कीर्तीले आईचा आशीर्वाद.

मी सांगून राहिली अन् स्वाती लिहून राहिली. तुहा पिच्चर पाह्यला. चांगला चालते. पण काढला बिनडोकावानी. सारे हात काढले अन् पाय एकही काढला नाही! करवतीचा दात हातानं नाही पडत, पायानं पडते. धोटा फिरवाच्या आंधी कोनता पाय दाबाचा, हे तुह्या पिच्चरात कुठी आहे? मंग हे बिचारी वाकडंच विनन नाही तं काय करन? उद्यापासून मी बाजूले बसतो अन् हिच्या पायावर काडी मारतो. तुह्या बापाले सांगतलं, का गिऱ्हाईकाले नाही म्हनून सांग. माग कोठीच जात नाही. डाक्टरचा व्यायामबी करतो, बोंबलू नोको.

अन् हे मागावरचं लुगडं कोनाचं होय म्हनून कोनंच नाही पुसलं. नाही पुसलं म्हनून मीबी नाही सांगतलं. आता सांगतो. जे लिहून राहिली, तिचंच होय. लग्नात हिले बजारातलं इकतचं नेसवलं होतं, ते माह्या जिवाले लागलं होतं.

पाह्य बापा, लिहाचीच थांबली. तुह्या पिच्चरावानी मधातच अडकली. आता त्या डब्यावानी हिची झडप कोन खोलन?