औषध अजून उंदरांवर आहे

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१४ जुलै २०२४

तीर्थरूप अण्णांस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. आईशी फोनवर बोलते, पण ती सगळं बरंय म्हणते आणि हात पिठाचे आहेत म्हणून फोन ठेवते. तुम्ही तर समोरच्याच्या ओठांवरून ऐकता, तुमच्या कानांपर्यंत फोन पोचतच नाही. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला पत्रच लागतं, हे मला पटलं आहे.

पोरगी कसली डॉक्टर म्हणून गावात विचारतात, त्यांना काय सांगू, असं तुम्ही लिहिलंत. सांगा की ती पेशंट तपासत नाही, पित्ताशयातले खडे तपासते. ऑपरेशनमध्ये काढलेले खडे पेशंटच्या परवानगीनं आमच्या प्रयोगशाळेत येतात. कुणाचा तुरीएवढा, कुणाचा बोराएवढा. मधोमध कापले की आत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात.

यकृत पित्त तयार करतं आणि अंगातलं जादा कोलेस्टेरॉल, म्हणजे एक प्रकारची चरबी, त्या पित्तातून बाहेर टाकतं. ती पित्तात विरघळून राहायला हवी. जास्त झाली की चहातली जादा साखर तळाशी बसते तशी बसते, आणि पित्ताची पिशवी सुस्त असली की त्याचा खडा होतो. ही चरबी पित्तात ढकलणारं एक दार यकृतात असतं. ते दार थोडं लोटून घेता येईल का, हे आम्ही उंदरांवर बघतोय. परवा पहिल्यांदा चांगला निकाल आला. आमच्या मंजुषा मॅडम, ज्यांच्या हाताखाली मी काम करते, त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. एखाद दिवशी यातून गोळीही निघेल.

आईला सांगा, मी जेवते. तुमची माया आहे तोवर मला इथं काही कमी नाही.

तुमची
ज्ञानू


पिशोर, ता. कन्नड
२५ जुलै २०२४

चि. ज्ञानेश्वरीस,
बिभीषणचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. खड्यांचं ऐकून ती म्हणाली, बकरं कापल्यावर काळजाला हिरवी पिशवी असती तीच का? ती फुटली की सगळं मटण कडू होतं म्हणून आपण जपून काढतो. मी म्हणलं, व्हय, तीच. मग लई खूश झाली. म्हणती, पोरगी शिकून शिकून शेवटी आपल्याच कामाला आली. शेजारच्या केसरबाईला, पार मारुतीच्या पारापर्यंत सगळ्यांला तिनं सांगितलंय की माझी पोरगी खड्याचं औषध काढती.

आता एक लिहितो. ती मेंढरं घेऊन माळावर गेलीय म्हणून निवांत लिहायला भेटलं. तिला दोन महिन्यांपासून पोटात दुखतंय. उजव्या बाजूला बरगडीखाली धरतं आन् पाठीत खांद्यापर्यंत जातं. जेवण झालं की जास्त. उलटी होती. पित्त खवळलंय म्हणती, लिंबू चोखती, गप पडती. तुला सांगू नको म्हणून मला तिनं शपथ घातली. पण मी सांगितलं नाय, लिहिलंय.

पाऊस बरा आहे. तू तब्येतीला जप. तुझ्या आठवणीत घर आहे.

तुझे
अण्णा


गारखेडा
२९ जुलै २०२४

तीर्थरूप अण्णांस सा. न.

पत्र वाचून जीव थाऱ्यावर नाही. उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर, खांद्यापर्यंत. अण्णा, हे मी रोज पेशंटच्या फॉर्मवर वाचते आणि माझ्याच आईला विचारायचं सुचलं नाही. तिला घेऊन या. सोनोग्राफीला अर्धा तासही लागत नाही. मेंढरं दोन दिवस कडूबा काकांकडे ठेवा. तिला म्हणावं, पोरीची खोली बघायला चल. कारण खोटं असलं तरी चालेल.

वाट बघते.

ज्ञानू


पिशोर
१२ सप्टेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गारखेड्यातली तुझी खोली आईला आवडली, खिडकीतलं झाड जास्त आवडलं. एसटीनं कन्नडला उतरलो. स्टँडवर चहा घेतला तेव्हा म्हणाली, मी पोट फाडून घेणार नाय.

मी तिला समजावलं की डॉक्टरनं काय सांगितलं ते तू मला कागदावर लिहून दिलंय. पिशवीत चार खडे आहेत, दुर्बिणीतून बारक्या भोकांनी पिशवी काढतेत, तिसऱ्या दिवशी घरी. ती ऐकत नाय. केसरबाईचा भाऊ मागं कसल्याशा ऑपरेशनला गेला तो परत आलाच नाय, ते तिच्या डोक्यात बसलंय. आन् दुसरं म्हणजे तुझं औषध. म्हणती, घरात पोरगी औषध करती आन् मी चाकूखाली जाऊ? पोरीची बी काय इज्जत राहील? तिचं औषध निघू द्या, पहिली गोळी मी खाईन.

काल सांजच्याला परत दुखलं. भिंतीला डोकं लावून बसली होती. मला तिचं कण्हणं ऐकू येत नाय बाई, नुसतं तोंड दिसतं. ते बघवत नाय.

तू मनावर घेतलंस तर तुझ्याकडचं ते औषध थोडं तिला देता येईल का? उंदराला चालतं म्हणतीस. मॅडमला एकदा विचार. बाप म्हणून मागतो, वाईट वाटून घेऊ नको.

अण्णा


गारखेडा
१८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

हे पत्र आईला शब्दन् शब्द वाचून दाखवा.

ते औषध नाही. ते अजून उंदरांवर आहे. उंदराला खडा होऊ नये म्हणून आम्ही ते आधीपासून देतो. झालेला खडा ते विरघळवत नाही. त्यानं उंदरांच्या यकृतावर पुढं काय होतं तेसुद्धा आम्हाला अजून कळलेलं नाही. माणसापर्यंत पोचायला दहा वर्षं लागतील, कदाचित कधीच पोचणार नाही. मी ते आईला देणार नाही. मॅडमना विचारणारही नाही. तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडं काही मागितलंत आणि मी नाही म्हणते आहे.

खडे विरघळवणाऱ्या गोळ्या बाजारात आहेत, पण त्या बारीक, नुसत्या चरबीच्या खड्यांवर कधीमधी चालतात. आईच्या खड्यांत चुना धरलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशनच. खडा नळीत सरकला तर कावीळ होते, स्वादुपिंड सुजतं, आणि मग गोष्ट हाताबाहेर जाते.

आई, माझी इज्जत तुझ्या पोटदुखीवर टिकत नाही. मी सगळं शिकले ते एवढं सांगता यावं म्हणूनच: ऑपरेशन करून घे.

तुम्हा दोघांची
ज्ञानू


पिशोर
११ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं होतं. ऐकून हसली, डोळे पुसले, म्हणाली बरं. त्यानंतर महिनाभर दुखलं नाय. दिवाळीत तू आली नाहीस, उंदरांना रोज खाद्य घालायला दुसरं कुणी नव्हतं म्हणालीस. आईनं करंज्या ठेवल्या होत्या, मुंग्या लागल्या म्हणून शेवटी वाटून टाकल्या.

ऑपरेशनचं मी परत काढलं. मेंढ्या विणायला आल्यात, सोळा कोकरं झाली, अजून आठ-नऊ बाकी. ती म्हणती, हे उरकलं की येते. डिसेंबरच्या पाच तारखेला येतो असं डॉक्टरला कळव. मी तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवून तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

डोळे जरा पिवळे वाटतेत. उन्हानं आसंल.

अण्णा


दवाखाना, अतिदक्षता विभागाबाहेर
२८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ११

अण्णा,

मी तुमच्या शेजारीच बाकावर बसून हे लिहितेय. ही तुमच्या कानात ओरडून सांगायची गोष्ट नाही, आणि इथं सगळे बघतात.

पिवळे डोळे वाचून मी लगेच बोलावलं होतं, पण कोकरं सोडून ती निघाली नाही. खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला होता. तिथंच स्वादुपिंडाचीही नळी उघडते. परवा दुर्बिणीतून तो काढला, चांगला निघाला. पण तोवर स्वादुपिंड सुजलं होतं. अन्न पचवायचा त्याचा रस त्यालाच खायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, या सुजेवर नेमकं औषध कुणाकडंच नाही. सलाईन द्यायचं, श्वासाला मशीन लावायचं आणि वाट बघायची. काल मूत्रपिंडं थांबली. आज रक्तदाब धरत नाहीये. तुम्ही मला मघाशी हातानं विचारलंत, घरी कधी. अण्णा, नाही. एक दिवस, फार तर दोन.

कुठल्या नळीतून काय वाहतं ते मला सगळं माहीत आहे. यावर मी पाच वर्षं शिकले. आणि मी इथं बाकावर बसलेय.

आता एकाला आत सोडणार आहेत. तुम्ही जा. तिचे डोळे मिटलेले आहेत, पण सिस्टर आशाबाई म्हणतात, पेशंटला ऐकू जात असावं. तुम्ही बोला. मोठ्यानं बोलाल, तरी चालेल.


पिशोर
९ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

आईचं तेरावं करून तू गेल्यापासून घरात आवाज नाय असं लोक म्हणतेत. मला काय फरक कळणार? पण कळतो. चुलीपुढं बसलं की समोर कुणी ओठ हलवत नाय. मेंढरं कडूबाकडं दिली. तो दोन्ही टायमाला जेवायला बोलावतो.

तुला एक सांगायचंय. सांगितलं नाय तर मला घास गिळायचा नाय, आन् सांगितल्यावर तू मला बाप म्हणशील का ते माहीत नाय.

सप्टेंबरचं तुझं पत्र मी आईला वाचलं तेव्हा ती नुकतीच दुखण्यातून उठली होती. अंगात थरथर होती. ऑपरेशनच्या नावानं ती आधीच रडत होती. कागद हातात होता, तू लिहिलेलं समदं मला दिसत होतं. पण तोंडातून ते निघालं नाय. मी वाचलं, औषध होत आलंय, जरा दम धर. तिला अक्षर येत नाय. ती कागदाकडं बघत होती, मी त्यावर बोट फिरवत होतो. ती हसली ते त्याच्यामुळं.

मला वाटलं, दोन-चार दिवस तिला बरं वाटू दे, मग खरं वाचीन. मग तिचं दुखणं थांबलं, आन् मला वाटलं आता कशाला. रोज पत्र फळीवरून काढायचो आन् परत ठेवायचो. आयुष्यभर लोकांची पत्रं वाचून दाखवली, मरणाची बी दाखवली, एक शब्द इकडचा तिकडं केला नाय. माझ्या बायकोलाच खोटं वाचलं.

त्या दिवशी आत गेलो तेव्हा मी तिला ते खरं पत्र सांगितलं. तोंडपाठ होतं. तिनं ऐकलं का नाय, मला कसं कळणार?

तुझा बाप
बिभीषण


गारखेडा
१५ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न.

पत्र परवा मिळालं. राग आला, लपवत नाही. खोलीत येरझाऱ्या घातल्या, तुमच्याशी मनातल्या मनात भांडले.

पण तुम्ही लिहिलंत, तर मलाही लिहिलं पाहिजे. भाऊबीजेच्या दिवशी आईचा फोन आला होता. मी उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी होते, हातात वजनाचा काटा. तिनं विचारलं, बाई, औषध कुठवर आलं गं? मी सप्टेंबरमध्येच सगळं लिहिलं होतं, तरी ती हे का विचारते, असा प्रश्न मला पडायला हवा होता. घाईत म्हटलं, चाललंय आई, होईल. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं ते तुमच्याकडून एकदा ऐकलं आणि माझ्याकडून एकदा. तुमच्यावर विश्वास कमी पडला असता तर माझ्यावर बसला असता. आता यात कुणाचं किती, हे मला मोजता येत नाही. त्याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

प्रयोगशाळेत जाते. मंजुषा मॅडम म्हणाल्या, हवं तर विषय बदल. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, ते माझं मलाही नीट सांगता येत नाही.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येते. स्टँडवर थांबू नका, गार वारं असतं. कडूबा काकांकडचं जेवण नको, घरीच करू. मला भाकरी आईसारखी जमत नाही, जाड होते. तुम्ही पीठ तेवढं दळून आणून ठेवा.

तुमची
ज्ञानू